पुण्याच्या नद्यांवर गळाने मासेमारी: पाणी निवडण्यापासून आवराआवरीपर्यंतचा क्रम

रविवारी सकाळी नवी काठी, नवे रीळ आणि पिशवीभर पाव घेऊन नदीवर आलेली मंडळी दुपारी रिकाम्या हाताने परततात आणि दोष आमिषाला देतात. आमिष बहुधा ठीकच असते. चुकलेला असतो तो क्रम. काठी आधी विकत घेतली जाते, मग घराजवळचा पूल गाठला जातो आणि पाण्याकडे नीट पाहिले जाते ते गळ तिसऱ्यांदा जलपर्णीत अडकल्यावर. मुळा, मुठा आणि पवना या नद्यांवर सुरुवात पाण्यापासून करावी लागते आणि काठीची खरेदी बरीच पुढे येते. खालील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. त्यांतला एखादा गाळून पुढे गेल्यास पुढच्या टप्प्यातले कौशल्य उपयोगी पडत नाही.

## १. मासा खायचा की सोडायचा, हे घरीच ठरवा

शहराच्या हद्दीतील नदीत प्रक्रिया झालेले, अर्धवट झालेले आणि अजिबात न झालेले असे तिन्ही प्रकारचे सांडपाणी येते. त्या पाण्यातला मासा खाऊ नये. मासा दोन दिवस स्वच्छ पाण्याच्या पिंपात ठेवला की तो शुद्ध होतो, असा समज नदीकाठी पक्का रुजलेला आहे. त्याने चिखलाचा वास कमी होतो हे खरे, परंतु मांसात आणि यकृतात साठलेले जड धातू दोन दिवसांत बाहेर पडत नाहीत. हळद-मीठ लावून कितीही कडक तळले तरी जंतू मरतात, धातू तसेच राहतात. लहान मुले आणि गर्भवती स्त्रियांच्या ताटात असा मासा मुळीच जाऊ देऊ नये.

हा निर्णय आधी घ्यायचा, कारण त्यावर पुढचे साहित्य ठरते. मासा सोडायचा असेल तर गळाच्या टोकाशेजारचा उलटा काटा दाबावा लागतो, चिमटा जवळ लागतो आणि पाटी किंवा जाळीची पिशवी न्यावी लागत नाही. खाण्यासाठीच मासा हवा असेल तर तो मासळी बाजारातून आणावा आणि नदीवर गंमत म्हणून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

## २. नदीचा टप्पा निवडा

‘पुण्यातली नदी’ असे एकच पाणी नाही. पावसाळा सोडला तर खडकवासला धरणाचे पाणी शहराकडे कालव्यातून आणि बंद जलवाहिनीतून येते, नदीच्या पात्रातून नव्हे. म्हणून हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात विठ्ठलवाडीपासून डेक्कनपर्यंत मुठेत जे वाहताना दिसते, त्यात झिरपा आणि नाल्यांचे पाणी यांचाच वाटा मोठा असतो. मुळेचेही काहीसे तसेच आहे. मुळशी धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याकडे वळवले जाते, त्यामुळे पावसाळ्यानंतर पौडच्या पुढे प्रवाह मंदावतो.

पवनेची गोष्ट निराळी आहे. पिंपरी-चिंचवडसाठी लागणारे पाणी पवना धरणातून नदीतच सोडले जाते आणि ते रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलले जाते. त्यामुळे धरणापासून रावेतच्या वरपर्यंत, म्हणजे गहुंजे, सांगवडे या गावांच्या बाजूला, मे महिन्यातही नदी वाहती असते. रावेत ओलांडले की त्याच नदीची कळा पालटते आणि दापोडीला मुळेत मिळेपर्यंत ती शहरी नदी होऊन जाते. नवशिक्याने सुरुवात रावेतच्या वरच्या भागातच करावी. मात्र बंधारा आणि पाणी उचलण्याची जागा यांपासून लांब राहावे. बंधाऱ्याखालचे पाणी वरून संथ दिसते आणि आत माणसाला फिरवते.

मुळा-मुठेच्या संगमाच्या खाली, बंडगार्डनच्या बंधाऱ्यापासून कवडीपाटापर्यंत, मासे नाहीत असे नव्हे. चिलापी आणि मांगूर तिथे भरपूर आहेत. मांगूर हवेतूनही श्वास घेतो आणि चिलापी कमी प्राणवायूत तग धरते, म्हणून जिथे इतर मासे टिकत नाहीत तिथे हे दोघे टिकतात. ‘मासे आहेत म्हणजे पाणी चांगले’ हा निष्कर्ष त्यामुळेच चुकीचा ठरतो.

तपासणी: काठावर पोहोचल्यावर साहित्य न उघडता दहा मिनिटे पाहणी करावी.

- वाहत्या उथळ पाण्यातला तळहाताएवढा दगड उलटा करावा. खालच्या बाजूला सहा पायांच्या, शेपटीला दोन-तीन तंतू असलेल्या चपट्या अळ्या धावताना दिसल्या, तर पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे.
- गाळात लाल केसांसारखे किडे गुच्छाने हलत असतील, बुडबुडे फुटत असतील आणि कुजक्या अंड्याचा वास येत असेल, तर ती जागा सोडावी.
- मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून उघडझाप करत असतील, तर ते चरत नसून गुदमरत आहेत. नवखे लोक नेमका त्यांच्यावरच गळ टाकतात आणि तासभर बसतात. गुदमरणारा मासा आमिषाला तोंड लावत नाही.

हे शेवटचे दृश्य पहाटे अधिक दिसते. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे संथ, सांडपाण्याच्या डोहात सूर्योदयाच्या सुमारास प्राणवायू सर्वांत कमी असतो. ‘मासेमारी पहाटेच’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम वाहत्या पवनेवर चालतो, तुंबलेल्या मुठेवर चालत नाही.

## ३. परवानगी आणि मर्यादा तपासा

धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुधा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो आणि पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांवर प्रवेशाचेही निर्बंध असतात. तेथील फलक वाचावा आणि काठावर होडी किंवा जाळी दिसल्यास त्या मंडळींना विचारल्याशिवाय बसू नये. त्यांचे पोट त्या पाण्यावर आहे, आपला रविवार आहे. नदीकाठची वाट पुष्कळदा कोणाच्या तरी भातखाचरातून किंवा उसातून जाते. ‘राम राम काका, काठावर गळ टाकून बसलो तर चालेल का?’ एवढे विचारले की सहसा नकार येत नाही, वर मासा कुठे लागतो तेही कळते. न विचारता बांध तुडवला तर पुढच्या वेळी वाट बंद झालेली असते.

देहू आणि आळंदी येथे इंद्रायणीच्या डोहातले मासे देवाचे मानले जातात. तेथे, तसेच कोणत्याही देवस्थानाच्या घाटावर, गळ काढू नये. विष किंवा स्फोटके वापरून मासे मारणे हा सर्वत्र गुन्हा आहे. असे करणारे दिसल्यास तिथून निघून पोलिसांना कळवावे.

पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे, अंड्यांनी भरलेले चढणीचे मासे धरण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. मी स्वतः जून ते ऑगस्ट गळ टांगून ठेवतो. पुढचा टप्पा वाचल्यावर त्यामागचे दुसरे कारणही कळेल.

## ४. विसर्ग पाहून दिवस ठरवा

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत घरातून निघण्यापूर्वी धरणाच्या विसर्गाचा आकडा पाहणे सक्तीचे समजावे. हा आकडा क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले जाते अशा मापात जाहीर होतो. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, तेव्हा १,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २८,००० लिटर पाणी. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत विसर्गाचे पाणी शिरले, तेव्हा लोक घरांत झोपेत होते. काठावर पाण्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला पाणी वाढल्याचे त्याहूनही उशिरा कळते.

क्रम असा ठेवावा: आदल्या रात्री विसर्गाची बातमी पाहावी, सकाळी निघताना पुन्हा पाहावी, आणि काठावर बसताच पाण्याच्या रेषेवर एक काडी रोवावी. काडी बुडाली की आवरायला घ्यावे, आणखी एका ओढीची वाट पाहू नये. बाबा भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली असेल, तर त्या दिवशी मुठेचा विचारही सोडावा.

इशारा: जुन्या पुलांवर, साकवांवर आणि बंधाऱ्याच्या भिंतीवर उभे राहून गळ टाकू नये. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि माणसे वाहून गेली. नदीतला काळा पाषाण शेवाळ धरला की काचेसारखा निसरडा होतो, आणि दाट जलपर्णी दुरून हिरवळीसारखी भासते. तिच्यावर पाय ठेवणारा थेट पाण्यात जातो.

पहिल्या मोठ्या पावसानंतरचे दोन-तीन दिवसही टाळावेत. रस्त्यांवरची आणि नाल्यांतली महिन्यांची घाण एकदम नदीत येते, प्राणवायू खाली जातो आणि पुष्कळदा मासे मरून काठाला लागतात.

## ५. साहित्य जमवा, तेही मोजकेच

सुरुवातीला आठ ते दहा फुटांची साधी काठी पुरते. बांबूची चालेल, घडीची फायबरची सोयीची. रिळाशिवाय शिकणे अधिक चांगले, कारण मग खोली आणि ओढ यांकडे लक्ष जाते. बाकी साहित्य असे:

- तंगूस (गळाची नायलॉनची दोरी): चिलापी आणि लहान माशांसाठी ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीचा. मांगूर किंवा मोठा सायप्रिनस (कॉमन कार्प) अपेक्षित असेल तर ०.४० पर्यंत.
- गळ: ६ ते १० क्रमांकाचे. येथे एक हमखास चूक होते: क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान. दहा क्रमांकाचा मोठा समजून घेतला आणि मांगूर सरळ करून गेला, असे अनेकांचे झाले आहे.
- तरंगणारे बूच आणि शिसे: बूच पाण्यात उभे राहून फक्त टोक वर दिसेल इतकेच शिसे लावावे. आडवे तरंगणारे बूच हलकी ओढ दाखवत नाही.
- बाकी: लांब टोकाचा चिमटा, छोटी कात्री, जुना सुती पंचा, पिण्याचे आणि हात धुण्याचे वेगळे पाणी, साबण, झाकणाची रिकामी बाटली, गमबूट.

गळाच्या टोकाशेजारचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. मासा निसटेल ही भीती अनाठायी आहे. तंगूस ताणलेला ठेवला तर निसटत नाही. आणि गळ स्वतःच्या बोटात रुतला तर हा दाबलेला काटा किती मोलाचा, ते त्याच क्षणी समजते.

गाठ अशी बांधावी: तंगुसाचे टोक गळाच्या छिद्रातून ओवून मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, टोक छिद्राजवळ झालेल्या लहान फासातून काढावे, मग त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून काढावे, ओले करून सावकाश आवळावे. सुके आवळल्यास घर्षणाने तंगूस कमजोर होतो. ओले करण्यासाठी तंगूस तोंडात धरण्याची सवय असेल तर ती या नद्यांवर सोडावी; बाटलीतले पाणी वापरावे.

तपासणी: गळ लाकडात अडकवून तंगूस हाताला गुंडाळलेल्या पंचाने जोरात ओढावा. गाठ घरीच सुटलेली बरी.

## ६. आमिष तयार करा

दोन वाट्या कणकेला एक वाटी शेंगदाणा पेंडीची पूड, चमचाभर भाजलेल्या डाळीचे पीठ आणि थोडे पाणी घालून मळावे. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट, पण पुरीच्या कणकेपेक्षा सैल हवा. बहुतेकांचे चुकते ते येथे: गोळा पाण्यात टिकावा म्हणून इतका घट्ट मळतात की गळ माशाच्या जबड्यात शिरतच नाही. टिकाऊपणा घट्टपणाने आणू नये. मळताना चिमूटभर कापूस विंचरून त्यात मिसळावा, त्याचे तंतू गोळा धरून ठेवतात. ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धा तास ठेवावे आणि मग बादलीभर पाण्यात एक गोळी सोडून पाहावी. पाच मिनिटे टिकली आणि दोन बोटांत सहज दबली, तर जमले.

गोळी वाटाण्याएवढी असावी. चिलापीचे तोंड लहान असते. लिंबाएवढ्या गोळ्यावर ती नुसती टोचत राहते आणि बूच तासभर नाचत राहते.

गांडूळ हे याहून खात्रीचे आमिष आहे. ज्या सोसायट्यांत गांडूळखताचा खड्डा आहे, तिथे माळीकाकांना विचारून दहा-बारा लाल गांडुळे ओल्या मातीसह डब्यात घ्यावीत, झाकणाला भोके पाडावीत आणि डबा सावलीत ठेवावा. कोंबडीची आतडी मांगुराला चालतात, परंतु काठावरची कुत्री आणि घारी जमा होतात. घार गळाला लागली तर दिवसभराचा पश्चात्ताप पदरी पडतो.

पावाच्या लाद्या पाण्यात फेकणे पूर्णपणे बंद करावे. मासे पोट भरून जातात आणि उरलेला पाव कुजतो. चारा टाकायचाच असेल तर कणीक आणि पेंडीचे सुपारीएवढे दोन-तीन गोळे, एकाच ठिकाणी, अर्ध्या तासाने एकदा.

## ७. जागा वाचा आणि खोली मोजा

मासा प्रवाहात उभा राहून स्वतःला दमवत नाही. तो प्रवाहाच्या कडेला, जिथे वेगवान आणि संथ पाण्याची शीव असते तिथे थांबतो. मोठ्या दगडाची खालची बाजू, वळणाच्या बाहेरच्या अंगाचा डोह, पाण्यावर झुकलेल्या उंबराची किंवा करंजाची सावली या जागा आधी पाहाव्यात. जलपर्णीच्या कडेपासून हातभर मोकळ्या पाण्यात गळ टाकावा. तिच्या दाट पट्ट्याखाली प्राणवायू कमी असतो आणि तिथे गळ फक्त अडकतो.

ऋतूप्रमाणे वेळ बदलते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट गारठलेली असते आणि उबेची सवय असलेली चिलापी सुस्त पडते. तेव्हा अकरा ते चार ही वेळ योग्य. एप्रिल-मे मध्ये उलट, सकाळी साडेनऊपर्यंत किंवा पाचनंतर.

खोली मोजणे हा सर्वांत जास्त गाळला जाणारा टप्पा आहे. गळाला तात्पुरते जड शिसे लावून तो टाकावा. बूच बुडाले तर खोली त्याहून जास्त आहे, म्हणून बूच वर सरकवावे. आडवे पडले तर खाली घ्यावे. टोक जेमतेम पृष्ठभागाशी आले की तीच खोली. मग शिसे काढून बूच चार बोटे खाली सरकवावे, म्हणजे आमिष तळाच्या गाळात न रुतता त्याच्या किंचित वर लोंबेल.

इशारा: काठी उभी करण्यापूर्वी वर पाहावे. नदीकाठाने विजेच्या तारा जातात. ओली किंवा कार्बनची काठी तारेच्या जवळ गेली तरी जीव जाऊ शकतो.

## ८. गळ टाका आणि ओढ ओळखा

गळ भिरकावू नये; मागे माणूस नाही हे पाहून, झोका देऊन सोडावा. मग हात स्थिर ठेवावेत. दर दोन मिनिटांनी गळ काढून आमिष पाहणाऱ्याला मासा लागत नाही. दहा मिनिटे थांबावे.

बुचाची भाषा माशागणिक वेगळी असते. चिलापी टुकटुक करते, बूच थरथरते आणि मग तिरपे सरकते. तिरपे सरकू लागल्यावर झटका द्यावा, थरथरताना नव्हे. सायप्रिनस तळातून उचलतो, त्यामुळे बूच आधी वर येऊन आडवे पडते. मांगूर आणि शिंगाडा सरळ खाली नेतात. झटका मनगटाचा असावा, खांद्याचा नसावा. मासा लागल्यावर काठी उंच, तंगूस ताणलेला आणि घाई शून्य ठेवून त्याला काठाशी आणावे; हवेत उचलून फेकल्यास त्याचा जबडा फाटतो.

## ९. मासा हातात घेणे

हात आधी ओले करावेत, म्हणजे माशाच्या अंगावरचा चिकट थर निघत नाही. चिलापीच्या पाठीचे काटे डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून बसवावेत. शिंगाडा आणि मांगूर यांच्या छातीच्या परांना दातेरी काटा असतो; त्यांना पंचानेच धरावे. हे मी वाचून शिकलो नाही. पवनेवर एकदा वीतभर शिंगाडा ‘लहानच तर आहे’ म्हणून उघड्या मुठीत घेतला आणि अंगठ्याची कळ रात्रभर झोपू देईना.

गळ घशात गेला असेल तर ओढू नये. तंगूस तोंडाजवळ कापून मासा सोडावा. देशी मासे, म्हणजे मरळ, वाम, शिंगाडा, लागलीच त्याच पाण्यात सोडावेत. चिलापी, आफ्रिकन मांगूर आणि काळा खवल्यांचा सकर मासा हे बाहेरून आलेले आहेत. ते बादलीत घालून दुसऱ्या तळ्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात सोडण्याची चूक कधीही करू नये. अशा ‘पुण्यकर्मां’नीच ते पसरले आहेत. मांगूर आणि सकर मी परत सोडत नाही. डोक्यावर एका फटक्यात मारून काठापासून दूर पुरतो.

कासव गळाला लागल्यास ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे हे ध्यानात ठेवावे. तंगूस ओढून त्याला लोंबकळवू नये. कवचाला मागच्या बाजूने धरावे, गळ दिसत असेल तर चिमट्याने काढावा, खोल गेला असेल तर प्राणी-बचाव पथकाला किंवा वनविभागाला बोलवावे.

## १०. आवराआवर

तंगुसाचा प्रत्येक तुकडा झाकणाच्या बाटलीत घालून घरी न्यावा. झुडपात राहिलेला वीतभर तंगूस पाणकावळ्याच्या किंवा ढोकरीच्या पायात गुंतला की पक्षी उपाशी मरतो. गळ मोजून आणले असतील तर मोजूनच परत न्यावेत, कारण हरवलेला गळ पुढे म्हशीच्या किंवा पोहणाऱ्या मुलाच्या पायात शिरतो.

डबा उघडण्यापूर्वी हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. पायाला किंवा बोटाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नये. तिथेच जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याची लक्षणे कित्येकदा एक-दोन आठवड्यांनी दिसतात. त्या काळात ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे किंवा डोळे लाल होणे जाणवल्यास दवाखान्यात गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगावे की अमुक तारखेला नदीच्या पाण्यात हात घातला होता.